फळ्यावरचे सहा तास

८ सप्टेंबर १९९८
कुशिरो

हागिनोदाई स्टेशनच्या स्टेशनमास्तरांस,

ओळख ना पाळख, आणि थेट पत्र लिहितेय. आधीच माफी मागून ठेवते, म्हणजे पुढे मोकळेपणी लिहिता येईल.

मी ओबाता चिझुरु, माहेरची हिरुमा. तुमच्या स्टेशनापासून बारा मिनिटांवर, देवळामागच्या उतारावर आमचं घर. माझे वडील हिरुमा तोकुजी नकाशे काढणाऱ्या कचेरीत होते आणि तीस वर्षं त्यांनी तुमच्याच स्टेशनातून जा-ये केली. मार्चमध्ये ते वारले. चोवीस वर्षांनी मी त्या घरात पाय ठेवला तो त्यांच्या अस्थी उचलायला. असली मुलगी मी.

ऑगस्टमध्ये पितरांच्या दिवसांत परत गेले, तेव्हा तुमच्याकडे नोटीस दिसली. निरोपांचा फळा ३० नोव्हेंबरनंतर काढणार, कोणी वापरत नाही म्हणून. खरंच आहे, सगळ्यांच्या खिशात फोन. पण त्या फळ्यावरच मी लहानाची मोठी झाले. आई लवकर गेली. शाळेतून येताना मी फळ्यावर लिहून ठेवायची, 'बाबा, टोफू आणा', 'बाबा, मी ग्रंथालयात आहे'. बाबा सहा बाराच्या गाडीने उतरायचे. तिकीट दिलं की आधी फळा, मग घर. माझं काही नसलं तरी बघायचे.

२२ फेब्रुवारी १९७४ ला मी त्यावर शेवटचं लिहिलं. लग्नावरून आमचं चांगलंच वाजलं होतं. मला इथला, कुशिरोचा माणूस पसंत होता, मासळीच्या बर्फाच्या कारखान्यातला. बाबा म्हणाले, "जा त्याच्याकडे. पण मग मला तोंड दाखवू नकोस." मीही त्यांचीच मुलगी. तोंड नाही दाखवलं. दुपारी येऊन फळ्यावर लिहिलं, 'बाबा, समोरच्या त्सुबामे चहाघरात आहे. पावणेसातपर्यंत. सातच्या गाडीने निघतेय. चिझु.'

सहाला मी चहाघरातून उठले आणि पूर्वेकडच्या दारापाशी खांबामागे उभी राहिले. वाचतात का ते बघायचं होतं. तिथून फळ्याची नुसती कड दिसत होती. सहा बाराची आली. बाबा फळ्यासमोर थांबले, चांगली दोन मिनिटं. मग शेजारच्या रेल्वेच्या माणसाला त्यांनी काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली. आणि बाबा पश्चिमेच्या दाराने घरी निघून गेले. चहाघर पूर्वेला होतं. तरी मी परत तिथे जाऊन पावणेसातपर्यंत दाराकडे बघत बसले.

वाचून गेले, असं मी धरून चालले. चोवीस वर्षं तेच धरून राग राखला. पण ऑगस्टमध्ये शेजारच्या आकिबा आजी म्हणाल्या, "अगं, नोकरी सुटल्यावरही तुझे बाबा रोज सहाला स्टेशनवर जायचे. पाऊस असो की बर्फ. आम्ही म्हणायचो, म्हातारा कुणाला आणायला जातो कोण जाणे."

ज्याने वाचून पाठ फिरवली, तो माणूस रोज कशाला जाईल? म्हणून विचारते. तो रेल्वेचा माणूस कोण होता, आणि बाबांनी त्याला काय विचारलं? एवढं कळलं पाहिजे. नाहीतर मी बाबांच्या फोटोपुढे कोणत्या तोंडाने उदबत्ती लावू?

ओबाता चिझुरु


२३ सप्टेंबर १९९८
हागिनोदाई

ओबाता चिझुरुसान यांस,

तुमचं पत्र स्टेशनमास्तरांनी माझ्या हाती दिलं. मी कुरामोची योशिहारु. या स्टेशनात एकतीस वर्षं नोकरी करून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता स्टेशनासमोरच्या फुलझाडांना पाणी घालतो. जुनं काही निघालं की 'कुरामोचीला विचारा', अशी इथे पद्धत पडली आहे.

तुमचे वडील गेल्याचं कळलं होतं. देवळाकडच्या रस्त्यावरून त्यांची गाडी गेली तेव्हा मी झारी खाली ठेवून उभा राहिलो होतो.

फळ्याबद्दल लिहितो. नियम साधा होता. लिहिणाऱ्याने वेळ घालायची, सहा तास झाले की आम्ही पुसायचं. रेल्वेत वेळ म्हणजे वेळ. आम्हाला तर प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून ती मोठ्याने म्हणायची शिकवण. 'सिग्नल हिरवा!' 'दारं बंद!' बोट गेलं, आवाज निघाला, की चूक होत नाही म्हणतात. ती खोड अजून गेलेली नाही. घरी मी गॅसकडे बोट करून 'गॅस बंद!' म्हणतो, आणि आमची मित्सुए म्हणते, "अहो, पलीकडच्या गल्लीलासुद्धा कळलं हो, गॅस बंद आहे ते."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अवघड आहे. तेव्हा स्टेशनात अकरा माणसं होती. बदल्या झाल्या, काही वारले. लोक रोज शंभर गोष्टी विचारायचे, शौचालय कुठे, पुढची जलद गाडी कधी. त्यात कोणी कोणाला काय विचारलं, आता कसं सांगणार? एकला लिहिलेला निरोप सातपर्यंत राहतोच, तेव्हा वडिलांनी तो पाहिला असेल असंच समजावं. माणूस कधी कधी वाचूनही जागचा हलू शकत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नये.

हिरुमासान फार सभ्य गृहस्थ होते. रोज टोपी काढून नमस्कार करायचे. थंडी लवकर येईल असं वाटतं. प्रकृतीला जपा.

कुरामोची योशिहारु


१ ऑक्टोबर १९९८
कुशिरो

कुरामोचीसान,

तुमचं पत्र मिळालं. गॅसचं वाचून हसू आलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही हसला. मग म्हणाला, "ते खालचं परत वाच." परत वाचलं, आणि हसू पार मावळलं.

'एकला लिहिलेला निरोप.' मी तुम्हाला एकला कधी सांगितलं? मी आधी कच्चं लिहिते आणि मग पक्कं उतरवते. कच्चं माझ्यासमोर आहे. त्यात 'दुपारी' आहे. वेळ मी एकाच ठिकाणी लिहिली होती, त्या फळ्यावर, निरोपाच्या डोक्यावर. ती ज्याने वाचली त्यालाच ठाऊक असणार.

मी मासळीबाजारात बावीस वर्षं काढली आहेत. डोळा बघून सांगते, मासा ताजा की शिळा. तुमचं पत्र शिळं आहे. अकरा माणसं म्हणे, आणि बदल्या म्हणे! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

खरं काय ते लिहा. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, ऐकून पडायची नाही. बाबांनी काय विचारलं?

चिझुरु


१८ ऑक्टोबर १९९८
हागिनोदाई

चिझुरुसान,

पंधरा दिवस कोरा कागद समोर घेऊन बसलो. मित्सुए म्हणाली, "कागदाकडे बघून काय होणार? तो काय आपणहून बोलणार आहे?" म्हणून लिहितो.

तो माणूस मीच.

त्या दिवशी विभागाचे मोठे साहेब तपासणीला येणार असल्याचा फोन आला, अर्धा तास आधी. मी चाळिशीला टेकलो होतो, बढतीच्या परीक्षेत दोनदा आपटलो होतो, आणि तिसऱ्यांदा तोंडी परीक्षा घेणारे हेच साहेब. फळ्यावर शाळेच्या पोरांनी हेडमास्तरांचं माकडतोंडाचं चित्र काढलं होतं, आणखीही काहीबाही. पाच चाळीसला मी ओला डस्टर उचलला. तुमची ओळ कोपऱ्यात होती. मी ती वाचली. वेळेवर बोट ठेवून नेहमीप्रमाणे म्हणालोसुद्धा, 'एक, म्हणजे सातपर्यंत.' आणि सगळा फळा एका दमात पुसून काढला. म्हटलं, साहेब गेले की तेवढी ओळ परत लिहू. शब्द पाठ होते. अजून आहेत. त्सुबामे चहाघर, पावणेसातपर्यंत.

साहेब वेळेवर गेले नाहीत. सहा बाराची आली. हिरुमासान फळ्यासमोर उभे राहिले. फळा ओला होता, कडेने पाणी ओघळत होतं. ते बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माफ करा, इथे हिरुमासाठी काही होतं का? माझ्या मुलीचं?"

हे त्यांनी विचारलं.

साहेब दोन पावलांवर, हातात वही. 'होतं, मी वेळेआधी पुसलं,' म्हणालो असतो तर त्यांच्यासमोर नियम मोडल्याची कबुली झाली असती. मी मान हलवली. म्हणालो, "नाही. काही नव्हतं." ते म्हणाले, "असं का," आणि टोपी काढून मला वाकून नमस्कार करून गेले.

एवढ्यावरच थांबलं असतं तर भीतीने जीभ घसरली म्हणालो असतो. पण साहेब पुढच्या गाडीने गेले तेव्हा साडेसहाही वाजले नव्हते. चहाघर पन्नास पावलांवर. मी तिथवर गेलो, चिझुरुसान. काचेतून तुम्हाला पाहिलं. लाल मफलर होता, दाराकडे तोंड करून बसला होतात. माझा हात दाराच्या मुठीवर होता. आत जाऊन काय सांगायचं? तुमच्या वडिलांना मी खोटं सांगितलं? तुम्ही तडक स्टेशनमास्तरांकडे गेला असतात. मी हात काढला आणि परत आलो. पुढच्या महिन्यात बढती मिळाली. मित्सुएने आनंदाच्या दिवशी करतात तो लाल भात केला होता.

तुमचे बाबा रोज का यायचे, ते आता तुम्हाला कळलं असेल. त्यांना वाटायचं, निरोप यायचा आहे.

दर वर्षी २२ फेब्रुवारीला ते स्वतः लिहायचे, 'चिझु, आजही सहा बाराला आलो. बाबा.' पहिल्या वर्षी फळ्याच्या वरच्या भागात. पुढे पाठ वाकत गेली तशी ती ओळ दर वर्षी खाली येत गेली. ती मी सहा तासांनी कधी पुसली नाही. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत राहू द्यायचो. स्टेशनमास्तर ओरडले तर 'विसरलो' म्हणायचो. आपल्या मनाची समजूत घालायला माणूस काय काय करतो बघा.

एकदा, बारा-तेरा वर्षांनी, त्यांनी परत विचारलं होतं. "कुरामोचीसान, त्या वेळी खरंच काही नव्हतं ना?" तेव्हा ना साहेब होते, ना परीक्षा. कोणाचीही भीती नव्हती. आणि मी म्हणालो, "नव्हतं."

माझ्या निवृत्तीच्या दिवशी ते चेस्टनटच्या वड्यांचा डबा घेऊन आले. म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही फळा स्वच्छ ठेवलात. आभारी आहे."

मित्सुएला हे काल जेवताना पहिल्यांदा सांगितलं. तिने हातातल्या काड्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "म्हणजे त्या वड्या आपण चहाबरोबर खाल्ल्या?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

माफी मागायचा मला हक्क नाही. तरी मागतो.

कुरामोची योशिहारु


३० ऑक्टोबर १९९८
हागिनोदाई

चिझुरुसान,

उत्तर आलं नाही, ते साहजिकच आहे. यासोबत आमच्या भागातल्या नाशपतीची पेटी पाठवत आहे. हिरुमासान दर वर्षी स्टेशनासमोरच्या दुकानातून एकच नाशपती घ्यायचे. तुम्हाला घरची चव आठवेल असं मित्सुएला वाटलं. ती आता थोडं बोलते. "मीठ द्या," "बाजूला व्हा," एवढंच, पण बोलते.

कुरामोची


१२ नोव्हेंबर १९९८
कुशिरो

कुरामोचीसान,

पेटी परत मिळाली असेल. न फोडता पाठवली. 'घेण्यास नकार' अशी चिठ्ठी लिहून तिच्यावर माझ्या नावाचा शिक्का मारून दिला.

तुमचं आधीचं पत्र आलं त्या दिवशी मी बाजारात गेले नाही. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, एका माणसाने बढतीसाठी माझा बाप खाल्ला. तो म्हणाला, "असं बोलू नये." मी म्हटलं, तू गप्प बस, तुझ्यासाठीच तर गेले होते. बिचारा खरंच गप्प बसला. दोन दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की बंदरातले खलाशीसुद्धा लाजले असते. बढतीचा लाल भात! गोड लागला का हो?

आणि ते दारापर्यंत येणं. काचेतून कोणीतरी बघतंय, हे मला आठवतं. टोपीवाला. मला वाटलं, जागा आहे का बघतोय. मी बाजूच्या खुर्चीवरची पिशवीसुद्धा उचलून घेतली होती.

पण आता पुढचं ऐका. पेटी घेऊन पोस्टात उभी होते. खिडकीतली मुलगी म्हणाली, "इथे 'घेण्यास नकार' लिहा आणि शिक्का मारा." मी लिहिलं, शिक्का मारला, आणि मग लक्षात आलं. हे मी आधीही केलंय. याच पोस्टात, याच शिक्क्याने.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बाबांचं पत्र आलं होतं. नोंदणी कचेरीतून पत्ता काढला असेल त्यांनी. पाकिटावर त्यांचं ते नकाशातल्यासारखं बारीक, सरळ अक्षर. मोठी मुलगी कडेवर होती. मला वाटलं, ज्याने फळ्यावरचं वाचून पाठ फिरवली, त्याचं मी का वाचू? फोडलं नाही. चिठ्ठी लावून परत पाठवलं. नवरा म्हणाला होता, "ठेव तरी. आज नाही तर उद्या वाचशील." नाही ठेवलं. ऑगस्टमध्ये बाबांचे सगळे खण उपसले. ते पाकीट कुठेच नाही. त्यांनी ते जाळलं की फाडलं, आणि आत काय लिहिलं होतं, हे आता या जगात कोणालाही माहीत नाही.

तुम्ही पुसलंत ती माझी एक ओळ होती. मी परत पाठवलं ते अख्खं पत्र होतं. हे नवऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतेय, कोण जाणे. बहुतेक तुम्ही नालायक आहात म्हणून. चांगल्या माणसाला असलं सांगवत नाही.

आता कामाचं. फळा ३० तारखेपर्यंत आहे. मी त्या दिवशी येणार. बरोबर बारा बाराला फळ्यावर एक निरोप लिहीन. तुम्ही साडेबाराच्या आधी यायचं नाही. आलात की त्याच्यासमोर उभं राहायचं आणि पूर्ण सहा तास तो राखायचा. साहेब येवोत नाहीतर सम्राट येवो, एक मिनिट आधी पुसायचा नाही. सहा बाराची गाडी येऊ द्यायची, माणसं उतरू द्यायची, मग तुमच्या हाताने पुसायचा. मी लिहून लगेच परतीच्या वाटेला लागेन. मला शोधू नका आणि चहाबिहा विचारू नका.

एवढं जमेल ना?

चिझुरु


१ डिसेंबर १९९८
हागिनोदाई

चिझुरुसान,

सांगितलंत तसं केलं. काय झालं ते कळवणं माझं काम.

बारा एकतीसला पोहोचलो. जुना गणवेश कपाटातून काढला होता. मित्सुए म्हणाली, "पोटावर बटण लागत नाही, कशाला हसं करून घेता?" आणि मग स्वतःच सेफ्टी पिन लावून दिली. फळ्यावर तुमची एकच ओळ होती, वर वेळ १२:१२.

'बाबा, मी पूर्वेकडच्या खांबामागे आहे. हाक मारा. चिझु.'

स्टेशनमास्तरांना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. चोवीस वर्षांचं, बढतीसकट. ते माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी स्टूल आणून ठेवलं. मी बसलो नाही. तीनच्या सुमारास मित्सुए भाताचे गोळे घेऊन आली आणि फळ्यावरची ओळ वाचून उभ्या उभ्या रडली. मग मला म्हणाली, "खा. उपाशी राहून काय पुण्य लागणार आहे?" खाल्ले.

लोक जात-येत होते. फळ्याकडे कोणी बघत नव्हतं. चार वाजता एका बाईने तिथे छत्री टेकवून ठेवली, तिचं पाणी तुमच्या शेवटच्या शब्दाला लागणार होतं. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि बाईंची माफी मागितली. पाच चाळीस वाजले. मी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला.

सहा बाराची वेळेवर आली. माणसं उतरली, तिकिटाच्या दारातून बाहेर पडली. हिरुमासान असते तर डावीकडून तिसऱ्या दाराने आले असते. नेहमी त्याच दाराने यायचे. त्या दारातून आलेल्या शेवटच्या माणसापर्यंत थांबलो.

मग फळ्याकडे बोट केलं, नियमाप्रमाणे, आणि मोठ्याने वाचलं. 'निरोप एक! लिहिला बारा बारा! सहा बारा, वेळ पूर्ण!' आता डस्टर उचलायचा होता. पण निरोपात 'हाक मारा' असं होतं, आणि ज्यांनी मारायची ते नव्हते. त्या वेळचा निरोप मीच त्यांना पोहोचू दिला नव्हता. मग मीच मारली. फलाटावर गाडीला इशारा देताना लावायचो तो आवाज लावला.

"चिझु!"

सगळं स्टेशन थबकलं. कोणीतरी हसलं. स्टेशनमास्तर बाहेर आले, पण त्यांनी अडवलं नाही. मी खांबाकडे पाहिलं नाही. तुम्ही शोधू नका म्हणाला होतात म्हणून नाही, माझी छाती झाली नाही. तुम्ही तेव्हा गाडीने उत्तरेला सेंदाईच्या पुढे गेला असाल, असं मनाशी धरलं. मग पुसलं. कोरड्या डस्टरने, हळूहळू, शेवटचा शब्द सगळ्यात शेवटी.

आज सकाळी फळा उतरवला. स्क्रू मीच काढले. भिंतीवर फिकट चौकोन राहिला आहे, त्यावर मोबाइल फोनची जाहिरात लागणार आहे.

कुरामोची योशिहारु


१० डिसेंबर १९९८
कुशिरो
(पोस्टकार्ड)

कुरामोचीसान,

परतीच्या वाटेला लागेन म्हणाले ते खोटं होतं. दुपारभर त्सुबामेत बसले. आता तिथे औषधांचं दुकान झालंय, पण कोपऱ्यात दोन खुर्च्या आहेत. सहाला खांबामागे गेले. तुमची हाक ऐकली. बाबांनी एवढ्या मोठ्याने कधी मारली नसती, लाजाळू माणूस. पाय उचलला होता, पण बाहेर आले नाही. याही वेळी नाही आले. तुमची पाठ दिसत होती, वीस पावलांवर. तेव्हा बाबांचीही दिसत होती, तेवढ्याच अंतरावर. मी एकदा 'बाबा' म्हटलं असतं तर तुमच्या फळ्याला कोण विचारत होतं? तोंडातून शब्द फुटला नाही, आणि चोवीस वर्षं त्याचं खापर बाबांवर फोडलं, मग दोन महिने तुमच्यावर. तुमच्या वाट्याचं तुमच्याकडे राहील. माझ्या वाट्याचं मी परत घेतलं. माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते बाबांचं काम होतं.

यंदा आमचं सुतक आहे, नव्या वर्षाचं कार्ड पाठवता येत नाही. मित्सुएसानना नमस्कार सांगा. नाशपती पुढच्या वर्षी पाठवा. पेटी परत येणार नाही.

चिझु